पाहुण्यांना शाळा आणि मालवण दाखवताना

पाहुणे आले की मुलं पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणतात आणि कोणाच्याच लक्षात काही राहत नाही. आमच्या प्राथमिक शाळेत भाषण बंद करून नकाशा सुरू केला, आणि मुलं खरंच बोलू लागली.

१. व्हरांड्यात खडूने गावाचा मोठा नकाशा काढा. दिशा मात्र खऱ्याच ठेवा: समुद्र पश्चिमेला, चिवला किनारा उत्तरेला, तारकर्ली दक्षिणेला. म्हणजे मूल नकाशावर उभं राहून खऱ्या समुद्राकडे हात करू शकतं.
२. एका मुलाला एकच जागा आणि एकच वस्तू द्या. रापणीच्या (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या) जाळ्याचा तुकडा, आमसुलं, सुकं गोलमं (बारीक सुकी कोळंबी). ज्याच्या घरी रापण आहे त्यालाच जाळं द्यावं. तो थांबतच नाही!
३. नकाशावर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उभ्या मुलीने बांधकाम सुरू झाल्याचं १६६४ साल सांगावं, पण आधी किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव सांगाव्यात. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या विहिरी, यावर पाहुणे हमखास प्रश्न विचारतात.
४. शाळा शेवटी, नकाशावरच्या चौकोनातून थेट वर्गात.

पालकांची परवानगी नसेल तर मुलांचे फोटो काढू देऊ नका. हे पाहुण्यांना दारातच सांगा.