खोलीत दिवे निवडताना या चुका टाळा

नवीन खोलीच्या मधोमध एकच दिवा, तोही मिळेल तितक्या जास्त वॅटचा लावायचा, अशी पद्धत आपल्याकडील खेड्यांत सर्रास दिसते. मात्र त्या दिव्याकडे पाठ करून लिहायला बसलेल्या मुलाची सावली त्याच्याच वहीवर पडते आणि दिवा मोठा केल्याने ती हटत नाही. वॅट म्हणजे विजेचा खप; उजेडासाठी खोक्यावरील ल्युमेनचा आकडा पाहावा. ९ वॅटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. असा एक दिवा वर आणि दुसरा अभ्यासाच्या बाजूच्या भिंतीवर लावणे अधिक उपयोगाचे.

दुसरी चूक उष्णतेचा विचार न करण्याची, आणि विदर्भात तीच सर्वांत महागात पडते. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखालची हवा त्याहून अधिक तापते. एलईडीमध्ये बहुधा आधी जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला योग्य वीज पुरवणारे सर्किट, कारण त्यातील कपॅसिटर उष्णतेने लवकर निकामी होतो. म्हणून अशा खोलीत छताला चिकटलेला, काचेने पूर्ण बंद असलेला दिवा टाळावा आणि छपरापासून दोन-तीन फूट खाली, भिंतीवर उघडा दिवा बसवावा. शोभेचा काचेचा गोल हवाच असेल, तर तो स्लॅबच्या खोलीसाठी ठेवावा.

छत ठेंगणे असल्यास दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नये, अन्यथा उजेड सतत लुकलुकतो. सपरीत (ओसरीत) व स्वयंपाकघरात पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनऐवजी (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर ३००० केल्विनचा दिवा घेतल्यास पावसाळ्यात पाखरे कमी येतात.

बटण बंद करूनही एलईडी रात्री मंद पेटलेला दिसत असेल, तर दिव्याला दोष देऊन तो बदलण्याआधी वायरिंग तपासावे. बटणात इंडिकेटर (छोटा खूणदिवा) नसल्यास बहुतेकदा बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेले असते. तसे असल्यास बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. मेन स्विच बंद करून वायरमनकडून जोडणी दुरुस्त करून घ्यावी. कृषिपंप सुरू होताच दिवे मंदावणाऱ्या गावात खोक्यावर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादाही वाचावी; १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.