जुन्या सागवानातून साधी बैठकीची खोली

पुण्या-मुंबईत एखादा वाडा किंवा जुनी इमारत पाडली जाते तेव्हा दारे, खिडक्यांच्या चौकटी आणि तुळया जुने लाकूड विकणाऱ्यांच्या वखारीत येऊन पडतात. बैठकीची खोली नव्याने सजवायची असेल, तर दुकानातल्या चकचकीत लॅमिनेटऐवजी हे सागवान आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कित्येक दशके वापरात राहिल्याने ते पूर्ण वाळलेले असते आणि त्यात बहुतेक गाभ्याचेच लाकूड असते. मात्र ते घरी आणण्यापूर्वी खोलीची तयारी पूर्ण झालेली असली पाहिजे.

त्या तयारीत पहिले काम ओलीचे. भिंतीला पोपडे आले असतील, तर गळती बाहेरून किंवा वरच्या मजल्यावरून बंद करून प्लास्टर वाळू द्यावे. ओल्या भिंतीला लाकूड टेकवणे म्हणजे वाळवीला आमंत्रण देणे होय. त्यानंतर खोली रिकामी करून एक-दोन दिवस तशीच पाहावी. उजेड कुठून येतो, चालण्याची वाट कोणती आहे आणि कोणती भिंत मोकळी ठेवता येईल, हे रिकाम्या खोलीत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही नकाशात दिसत नाही. साध्या सजावटीत लाकडाच्या तीन-चार वस्तू पुरेशा होतात: एक बैठा दिवाण, एक लांब फळी, पुस्तकांचे फडताळ आणि जमल्यास एक झोपाळा.

वखारीत फळी निवडताना तिची कड निरखून पाहावी. सोनेरी-तपकिरी भाग गाभ्याचा असतो. कडेचा फिकट, पांढुरका भाग किडीला लवकर बळी पडतो, म्हणून तो कापून टाकण्याची तयारी ठेवावी. फळी ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा बारीक भोकांतून पीठ झडले, तर ती सोडून द्यावी. भाव घनफुटावर ठरतो, त्यामुळे हिशेब स्वतः करावा: 6 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. रंधा मारल्यावर जाडी कमी होते, हे मोजणीतच धरले पाहिजे.

जुन्या दारांवर बहुधा तैलरंगाचे अनेक थर असतात आणि इथे विशेष सावधगिरी लागते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले; त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. म्हणून असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. रंग काढण्याचे रसायन लावून, तो मऊ झाल्यावर खरवडावा, मास्क आणि हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. त्यानंतर संपूर्ण लाकडावरून लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, कारण आत मोडलेला एक खिळा रंध्याचे पाते निकामी करू शकतो. बरेच सुतार जुन्या लाकडाला हात लावायला कुरकुरतात ते याचसाठी, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

बनवताना लक्षात ठेवण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकूड हवेतील दमटपणानुसार आडवे फुगते आणि आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदल होत नाही. दोन फूट रुंदीच्या सागवानी पृष्ठभागात उन्हाळा ते पावसाळा काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. जुन्या दारांतली पॅनेले चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असत ती याच कारणासाठी, आणि आजही पॅनेल खाचेत चिकटवू नये. टेबलाचा माथा खालच्या चौकटीला जोडताना स्क्रूची भोके गोल न ठेवता आडव्या दिशेने लांबट करावीत, म्हणजे माथ्याला सरकायला वाव राहतो आणि तो तडकत नाही. जोडकाम सुरू करण्यापूर्वी फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात. सागवान तेलकट असल्यामुळे डिंक लावायच्या आधी जोडाची जागा थिनरने पुसून घेतली तर जोड पक्का बसतो. पावसाळ्यात अडकणारे दार मात्र जुलैत घासू नये. हिवाळ्यात तिथे फट दिसेल.

पृष्ठभाग 80, 120 आणि 220 क्रमांकाच्या पॉलिशपेपरने, नेहमी रेषांच्या दिशेने घासावा. रंगाचा मुलामा शक्यतो देऊच नये: ताजे रंधलेले सागवान ठिपक्या-पट्ट्यांचे दिसते, पण उजेडात काही आठवड्यांत ते आपोआप एकसारखे सोनेरी होते. बैठकीच्या दिवाणासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे पॉलिश सुंदर दिसते. मात्र चहाचा गरम कप किंवा पाण्याचा ग्लास ठेवला की त्यावर पांढरी वर्तुळे उमटतात, म्हणून टेबलाला जवसाचे तेल आणि वर मेण लावावे. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकू नये, ती स्वतःहून पेटू शकते. पाण्यात भिजवावी किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवावी.

उरलेली खोली शांत ठेवावी. भिंती पांढऱ्या किंवा किंचित पिवळसर, जमीन शहाबादी किंवा कोटा, पडदे साध्या सुती कापडाचे आणि दिवे उबदार पिवळसर प्रकाशाचे, म्हणजे 2700 केल्विनच्या आसपासचे, कारण थंड पांढऱ्या प्रकाशात सागवान मळकट दिसते. जुन्या दाराची पितळी कडी घासून फडताळाला लावता येते, पण एका खोलीत अशी एकच खूण पुरे. दर वर्षी पावसाळ्याआधी मेणाचा पातळ हात फिरवावा आणि फर्निचर भिंतीपासून किमान दोन इंच पुढे ओढून मागची बाजू वाळवीसाठी तपासावी.