पाळतीवर कलाकृती करायचीये? मग आधी स्वतःचा डेटा मागवा

पाळत, प्रायव्हसी असा विषय घेतला की बहुतेकांना आधी सुचतो तो भिंतीवरचा मोठा डोळा नाहीतर कॅमेरा. तो नको, प्लीज. त्यातून बघणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही.

आधी आपल्या अकाउंटचा डेटा डाउनलोड करा, गूगलवर त्यासाठी 'टेकआउट' नावाची सोय आहे, इन्स्टाग्राम-फेसबुकवरही तशी सोय आहे. फाइल आली की लगेच स्केच काढायला बसू नका, नुसती वाचा, काय सर्च केलं, कुठे गेलो, रात्री किती वाजता काय बघितलं... आणि जिथे वाचताना पोटात गोळा येतो ना, तिथेच तुमचा विषय आहे.

कलाकार हसन इलाहींचं काम जरूर बघा. 2002 मध्ये डेट्रॉइट विमानतळावर त्यांना अडवलं, मग एफबीआयची (अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा) चौकशी कितीतरी महिने चालली, शेवटी त्यांनी स्वतःच आपलं लोकेशन, ताटातलं जेवण, वापरलेली टॉयलेटं असे हजारो फोटो वेबसाइटवर टाकायला घेतले. माहितीचा एवढा ढीग की त्यातून काही शोधणंच अवघड, आणि उघडं पडलं ते फक्त त्यांचं स्वतःचं आयुष्य! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयावर काम करताना आपणच रस्त्यावरच्या अनोळखी माणसांवर आणखी एक कॅमेरा रोखून बसतो आणि ते लक्षातही येत नाही.

हेदर ड्यूई-हॅगबोर्ग या कलाकाराने न्यूयॉर्कमध्ये पडलेले केस, च्युइंगम, सिगारेटची थोटकं उचलून त्यातल्या डीएनएवरून थ्रीडी प्रिंटेड चेहरे केले. ते चेहरे अंदाजेच होते, पण धोका काय आहे तो अंगावर येतो. एकदा दाखवून झालंय ते, परत कुणा अनोळखी माणसाचा डीएनए उचलायची गरज नाही.

सीसीटीव्हीवर काम करायचं असेल तर मनू लुक्श यांची 'फेसलेस' (2007) बघा, लंडनच्या कॅमेऱ्यांतलं स्वतःचं फुटेज त्यांनी डेटा संरक्षण कायद्याखाली मागवलं आणि त्यावर फिल्म केली, बाकीच्यांचे चेहरे झाकलेले. तुमच्याकडचा कायदा असं फुटेज मागू देतो का ते आधी बघून घ्या. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, अंगावर कोणते कपडे होते ते सगळं लिहा, आणि उशीर करू नका, कारण जुन्या फुटेजवर नवीन रेकॉर्ड होत राहतं.

मेकअपने चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर चुकवायची आयडिया ॲडम हार्वी यांची, 2010 ची, तेव्हाच्या सॉफ्टवेअरसाठी केलेली. आता त्यावर विसंबू नका, आणि प्रदर्शनात कुणाला 'याने तुम्ही सुरक्षित राहाल' असं तर अजिबात सांगू नका, कुणी खरंच विश्वास ठेवून मोर्चाला जाईल.

काम ऑनलाइन टाकायच्या आधी फोटोतला मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये लपलेली जास्तीची माहिती, काढून टाका, त्यात बऱ्याचदा लोकेशन असतं. चेहरे ब्लर करू नका, कधीकधी ब्लरमधूनही माणूस ओळखू येतो, सरळ सपाट रंगाने झाका आणि लेअर एक करून नवीन फाइल सेव्ह करा.

गॅलरीत लाइव्ह कॅमेरा लावणार असाल तर 'आत कॅमेरा आहे' अशी पाटी दाराबाहेर हवी, आत शिरल्यावर दिसून काय उपयोग? रेकॉर्डिंग बंद ठेवा, आणि ज्यांना कॅमेऱ्यात यायचंच नाही त्यांना बाकीचं प्रदर्शन बघता येईल अशी दुसरी वाट ठेवा.