जोडीनं क्रूझवर निघताय? नागपुरातच होणाऱ्या या चुका टाळा

क्रूझची सहल बिघडते तेव्हा ती बरेचदा घरी बसल्या बसल्याच बिघडलेली असते. तारीख, खोली, पैसे यांचा विषय निघाला की दोघांपैकी एकजण म्हणतो, "तिथं गेल्यावर पाहून घेऊ." रेल्वेच्या प्रवासात हे खपतं. जहाजावर मात्र आवडली नाही म्हणून बदलायला खोली रिकामी नसते, विसरलेली गोळी आणायला कोपऱ्यावर मेडिकल नसतं आणि उशीर झाला तर मागून दुसरी गाडी येत नाही.

सुटण्याची वेळ हीच पोहोचण्याची वेळ समजणं

तिकिटावर ठळक छापलेली वेळ जहाज सुटण्याची असते. चेक-इन त्याआधी साधारण एक ते दोन तास बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंदराला द्यावी लागते. ती यादी गेली की जहाज धक्क्यावर दिसत असलं तरी आत घेत नाहीत.

मुंबईहून सुटणारी जहाजं बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून निघतात. सीएसएमटीपासून ते टॅक्सीनं अगदी जवळ आहे, म्हणून विदर्भ किंवा दुरांतोनं सकाळी उतरून थेट बंदरावर जाणं सोयीचं वाटतं. गाडी पोहोचण्याची वेळ आणि चेक-इन बंद होण्याची वेळ यांत किमान सहा तास असतील तरच हा बेत करा. भुसावळ ते कसारा या टप्प्यात गाडी तीन तास रखडली, तरी मग जीव टांगणीला लागत नाही. समृद्धीनं गाडी घेऊन जाणाऱ्यांचा हिशोब वेगळ्याच ठिकाणी चुकतो. ७०१ किलोमीटरचा महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथं संपतो आणि वेळ खाणारा रस्ता त्यापुढे सुरू होतो. शिवाय दोन-तीन रात्रींसाठी गाडी कुठे लावणार, हे आधीच ठरवावं लागतं.

सिंगापूर किंवा दुबईहून क्रूझ असेल तर आदल्या दिवशी पोहोचायचंच, इथं सवलत नाही. नागपूर–मुंबई आणि मुंबई–सिंगापूर ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरं चुकलं तरी भरपाई कुणीही देत नाही. मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इनही करावं लागतं. एकाच पीएनआरवर तिकीट मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त मोजा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणं टाळा, धुक्यानं तिथलं वेळापत्रक कोलमडतं.

फक्त भाव पाहून केबिन घेणं

सगळ्यात जास्त पस्तावा इथं होतो, म्हणून केबिन निवडायला एक अख्खी संध्याकाळ द्या.

आतली, खिडकी नसलेली केबिन साधारण १५० चौरस फुटांची असते. आपल्याकडच्या १० बाय १५ च्या बेडरूमएवढ्या जागेत पलंग, कपाट आणि बाथरूम सगळं बसवलेलं. दिवे मालवले की भरदुपारीही मिट्ट काळोख. ज्यांना गाढ झोप हवी त्यांना ती आवडते, पण दोघांपैकी एकाला जरी बंद जागेत घुसमटायला होत असेल तर तिथले वाचलेले पैसे तिसऱ्या दिवसापर्यंत भांडणात वसूल होतात. बाल्कनी परवडत नसेल तर निदान खिडकीची घ्या. घेताना "ऑब्स्ट्रक्टेड" हा शेरा आहे का ते पाहा. तसं असेल तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते.

यानंतर जागा. जहाज लाटांवर पुढेमागे सी-सॉसारखं हलतं. टोकं वरखाली होतात, मध्य त्यामानानं स्थिर राहतो. जहाजाचे स्टॅबिलायझर आडवे हेलकावे कमी करतात, हे पुढेमागे होणारं डोलणं त्यांना आवरत नाही. म्हणून मळमळीची धास्ती असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची, म्हणजे मजल्यावरची, केबिन निवडा. आवाजाचंही गणित आहे. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो, त्यात आपल्या वर आणि खाली काय येतं ते बघा. वर बफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकतात, खाली थिएटर असेल तर अकरापर्यंत ढोल वाजतो. वर-खाली दोन्हीकडे केबिन असलेला डेक सगळ्यात शांत. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर, बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारे पंखे, म्हणजे थ्रस्टर, सुरू झाले की पहाटे पाचला पलंग थरथरतो.

"गॅरंटी केबिन" स्वस्त पडते, कारण क्रमांक कंपनी ठरवते. लग्नाचा वाढदिवस किंवा हनिमून असेल तर ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बुकिंग करतानाच जोडलेला एक पलंग हवा की सुटे दोन, हेही लिहून द्या, नाहीतर पहिल्या रात्री मधली फट सांभाळत झोपावं लागतं.

बाल्कनी घेणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूला. परतताना तोच डाव्या बाजूला येतो. तुम्हाला कोणत्या संध्याकाळी खोलीत निवांत बसायचं आहे, त्यावर बाजू ठरवा. दोघंच, समोर पाणी आणि त्यात उतरणारा सूर्य, ही क्रूझवरची सगळ्यात सुंदर घटका असते आणि बाजू चुकली की ती लॉबीतल्या गर्दीत उभं राहून पाहावी लागते.

जाहिरातीतला आकडा म्हणजे एकूण खर्च समजणं

तो भाव बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही खोलीत दोघं राहणार असं धरून. त्यावर बंदर शुल्क, कर आणि परदेशी जहाजांवर रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, चढते. माणशी दिवसाला १६ डॉलर धरा: दोघं, सात रात्री, म्हणजे २२४ डॉलर. डॉलर ९० रुपयांना पकडला तर हे वीस हजार झाले.

दारूच्या पॅकेजवरून जोडप्यांचे वाद ठरलेले. बऱ्याच कंपन्यांची अट असते की एका केबिनमधल्या एका प्रौढानं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायचं. पॅकेज दिवसाला ७० डॉलर आणि एक कॉकटेल १३ डॉलरला असेल, तर माणशी रोज सहा पेले झाल्याशिवाय ते फिटत नाही. एकजण पीत नसेल तर सुटे पेले घेतलेलेच बरे.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं आणि मागे बँकेचं कार्ड जोडलेलं असतं. तिथं डेबिट कार्ड देऊ नका. कंपनी आगाऊ रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला सहल संपल्यावरही काही दिवस जातात. एका क्रेडिट कार्डावर दोघांचा खर्च टाका आणि रोज रात्री ॲपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर हिशोब बघा. न घेतलेला फोटो, न उघडलेली मिनीबार बाटली त्याच दिवशी सांगितली तर लगेच वजा होते.

नाव, व्हिसा, कागद

नुकतंच लग्न झालं असेल तर हे नीट वाचा. पत्रिकेवर, आधारवर नवं नाव आलं असलं तरी क्रूझ आणि विमानाचं बुकिंग पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावानं, त्याच स्पेलिंगनं करा. निघायला दोन महिने उरले असताना नाव बदलायला पासपोर्ट टाकू नका. पोलीस पडताळणी लांबली तर व्हिसाही अडकतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी.

सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंड करून परत सिंगापुरात उतरणं म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाजावर चढतानाच अडवतात. वाटेत बंदरावर उतरणार नसलात तरी तिथला व्हिसा मागितला जाऊ शकतो, हे बुकिंगवेळीच लेखी विचारा.

गरोदर असाल तर प्रवासात कोणत्याही दिवशी २४ वा आठवडा लागणार नाही ना, ते मोजा. बहुतेक मोठ्या कंपन्या त्यापुढे जहाजावर घेत नाहीत. त्याआधीही डॉक्टरांचं पत्र लागतं.

बॅगेत काय जातं

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, अगरबत्ती, मेणबत्ती या वस्तू जहाजाच्या तपासणीत काढून घेतल्या जातात. स्पाइक-गार्ड असलेला एक्स्टेंशन बोर्डही नको, जहाजाच्या वीजवाहिनीची रचना घरापेक्षा वेगळी असल्यानं त्याला आग लागण्याचा धोका असतो. बॅग रात्री आठपर्यंत खोलीत आली नाही, तर हरवली समजून घाबरू नका. आधी सुरक्षा विभागात विचारा, बहुतेक वेळा अशीच एखादी वस्तू सापडल्यानं ती तिथं ठेवलेली असते. बॅगा संध्याकाळीच येतात हे धरून औषधं, पोहण्याचे कपडे आणि सगळे कागद हातातल्या पिशवीत ठेवा.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्यांसाठी. खर्रा घेऊन सिंगापूरला जाऊ नका, तिथं चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. आणि दुबईच्या क्रूझला जाताना खसखस नको. यूएईत ती अमली पदार्थांत मोडते, त्यामुळे घरचा सावजी मसाला आणि खसखस लावलेले अनारसे दोन्ही मागे ठेवा. बंद पाकिटातला चिवडा, संत्रा बर्फी खोलीत खायला न्या, मात्र बंदरावर उतरताना खाण्याचं काहीही सोबत घेऊ नका.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणं

कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय, खोलीच्या भिंती पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या गोंधळातून उलटी होते. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून नागपुरातूनच घ्या आणि जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी खा. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. गोळीनं गुंगी येते, त्या रात्री दारू घेऊ नका.

त्रास सुरू झालाच तर खोलीत मोबाइल बघत पडू नका. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत या, नजर क्षितिजावर ठेवा, थोडे मुरमुरे, आलेपाक, घोट घोट पाणी. तरी थांबलं नाही तर जहाजाच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळतं. त्याचं बिल जबर असतं, म्हणून प्रवास विम्यात क्रूझ आणि आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे पाहून घ्या.

चोवीस तास एकमेकांना चिकटून राहणं

घरी दोघं दिवसाचे आठ-दहा तास वेगळे असतात, इथं अचानक एक मिनिटही नाही. समुद्रावरच्या पूर्ण दिवशी सकाळचे तीन तास ज्याचे त्यानं घालवायचे, असं आधीच ठरवा. एकाला झोपू द्या, दुसऱ्यानं पहाटे साडेपाचला वरच्या डेकवर जावं. त्या वेळी तिथं माणूस नसतो आणि समुद्र राखाडीचा निळा होताना दिसतो. भेटायची जागा आणि वेळ पक्की ठेवा, कारण फोन लागत नाही.

फोनबद्दल: जहाज सुटताच फ्लाइट मोड लावा. नाहीतर तो जहाजाच्या उपग्रहाच्या मोबाइल नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि साधे रोमिंग पॅक तिथं लागू होत नाहीत. एसएमएस येत नसल्यानं बँकेचा ओटीपीही मिळत नाही, तेव्हा शो, जेवणाची वेळ आणि बंदरावरच्या सहली घरूनच भरून टाका. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर आठच्या आसपासची घ्या. शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगसोबतच लेखी मागावं लागतं.

बंदरावर उतरताना

बंदर आणि शहर एक नसतं. बँकॉकचं क्रूझ बंदर म्हणून दाखवलं जाणारं लेम चबांग शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर चाळीस-एक, गोव्यातल्या मुरगाव बंदराहून पणजी तीस-एक किलोमीटर. लक्षद्वीपला तर जहाज दूर उभं राहतं आणि छोट्या बोटीनं जावं लागतं. लाटा वाढल्या तर उतरणं रद्द होतं, त्याची मनाची तयारी ठेवा. तिथून प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, बंदराच्या नाही. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते. जहाजानं ठरवलेली सहल लांबली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरावर पोहोचवायची सोय करतं. बाहेरची टॅक्सी केली असेल तर तो खर्च तुमचा. पासपोर्टची प्रत आणि जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकातला बंदर-एजंटचा (बंदरावरच्या कंपनीच्या प्रतिनिधीचा) नंबर दोघांच्याही खिशात असावा.

शेवटची रात्र

बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं आधी बाजूला काढा. रात्रीच्या कपड्यांत उतरायची वेळ बऱ्याच जणांवर येते. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको. मुंबईत उतरणार असाल तर दुपारच्या सेवाग्रामऐवजी संध्याकाळची विदर्भ घ्या, धावपळ वाचते. उतरल्यावर एक-दोन दिवस पायाखालची जमीन डोलल्यासारखी वाटते, ते आपोआप जातं. पण त्याच अवस्थेत, त्याच दिवशी समृद्धीवर स्टिअरिंग हातात घेऊन नागपूर गाठायचा बेत करू नका. एक रात्र मुंबईत झोपा आणि सकाळी निघा.