ऑटो गेन बंद केल्याशिवाय गोंगाटावर काम करू नका

गोंगाटावर साउंड आर्ट (आवाजांतूनच घडवलेली कलाकृती) करायचं म्हणून रेकॉर्डर घेऊन थेट तीन हात नाका गाठू नका. तिथला कर्कशपणा ठाणेकरांना पाठ आहे. तोच स्पीकरवर वाजवलात तर लोक कानांवर हात ठेवून निघून जातात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

खरी मेख सेटिंगमध्ये आहे. मोबाइलमध्ये ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप ठरवणारी सोय, बहुधा चालूच असतो. शांतता असली की तो आवाज वर खेचतो, हॉर्न वाजला की खाली दाबतो. मग येऊरच्या जंगलातले रातकिडे आणि घोडबंदर रोडची वाहतूक जवळपास सारखेच मोठे ऐकू येतात. माझं सुरुवातीचं बरंच काम यातच गेलं. गेन हाताने लावा. सगळ्यात गोंगाटाच्या जागी आवाज फाटणार नाही इतका, आणि नंतर प्रत्येक जागी तोच. येऊरचं रेकॉर्डिंग मेलेलं वाटेल. वाटू दे, तोच फरक ऐकवायचाय. एडिटिंगमध्ये प्रत्येक ट्रॅक वेगळा नॉर्मलाइज केलात, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर आणलात, की केलेलं सगळं पाण्यात!

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. दहाचाच तर फरक? दहा डेसिबल म्हणजे तीव्रता दहापट, कानाला साधारण दुप्पट. त्यात ही मर्यादा ज्यात मोजतात ते डीबीएचं (कानाच्या जाणिवेप्रमाणे जुळवलेल्या डेसिबलचं) माप खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतं. डीजेच्या बासने तावदानं थरथरतात, पण मीटरवरचा आकडा त्या मानाने सभ्य दिसतो.

सतत गोंगाटाने झोपमोड होते, रक्तदाब वाढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ऐकवायचं कसं? रस्त्यालगतच्या घरातल्या एका मावशींना मी खिडकी उघडी ठेवून डाळिंबी उसळीची कृती सांगायला लावली. डंपर गेला की त्यांचा आवाज आपोआप चढायचा (याला लोंबार्ड परिणाम म्हणतात), आणि गूळ किती घालायचा ते दर वेळी बुडायचं. ऐकणारे स्पीकरकडे वाकायचे, चिडायचे. डंपरचा आवाज मुद्दाम वाढवायची गरजच पडली नाही.

तयार 'सिटी नॉइज'चे पॅक विकत घेऊ नका, त्यातले हॉर्नसुद्धा आपले नसतात. रिक्षा स्टँडवर हेडफोन लावून कधी उभे न राहिलेले मार्गदर्शक 'संकल्पना गहन करा' म्हणतील. मान डोलवा आणि कामाला लागा. महागडा माइक नसला तरी चालतं, खाडीकाठच्या वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी मात्र हवीच. आणि पहिल्यांदा ऐकवायला कलेतली मंडळी नव्हे, त्याच रस्त्यावर राहणारी माणसं बोलवा. कुठला आवाज खोटा लावलाय ते ती लगेच सांगतात.