सिकची पट्टी उमटली, पण ती ट्रेम-२ मुळेच का?

मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींवरचा ट्रेम-२ रिसेप्टर अल्झायमरच्या संशोधनात ठळकपणे पुढे आला तो 2013 मध्ये. आर47एच या दुर्मीळ जनुकीय बदलामुळे आजाराचा धोका वाढतो, हे त्या वर्षी दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. मग रिसेप्टरला चेतवणारी अँटिबॉडी दिली, तर पेशी प्लाकभोवती (अमायलॉइड प्रथिनाच्या साठ्यांभोवती) जमून साफसफाई करतील, असा तर्क निघाला. नवखा विद्यार्थी हाच तर्क घेऊन येतो आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फो-सिकची, म्हणजे चेतलेल्या सिक या संदेशवाहक एन्झाइमची, जाड पट्टी दिसली की खूश होतो.

घात तिथेच होतो. ट्रेम-२ चा संदेश डॅप12 या जोडीदार प्रथिनामार्फत सिककडे जातो, पण मायक्रोग्लियावरच्या एफसी रिसेप्टरांचा संदेशही सिककडेच जातो आणि अँटिबॉडीचे शेपूट (एफसी भाग) त्यांना सहज चिकटते. म्हणून त्याच आयसोटाइपची (प्रकारची), पण ट्रेम-२ ला न चिकटणारी कंट्रोल अँटिबॉडी, एफसी भाग निकामी केलेली अँटिबॉडी आणि ट्रेम-२ नॉकआउट (ते जनुक निकामी केलेल्या) पेशी, असे तिन्ही कंट्रोल लावा. नॉकआउट नसेल तर निष्कर्ष लिहू नका. लायसिस (पेशी फोडणे) बर्फावरच करा आणि बफरमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे रसायन) ऐनवेळी घाला, नाहीतर पट्टी विरते.

दुसरा चोर एंडोटॉक्सिन, म्हणजे जीवाणूंच्या आवरणातले एलपीएस. ई. कोलाय या जीवाणूत बनवलेल्या प्रथिनासोबत एलपीएस आले, तर टीएलआर4 हा रिसेप्टर जागा होतो आणि टीएनएफ हा दाहकारक रेणू वाढतो. नमुना उकळूनही परिणाम टिकला तर संशय पक्का समजा, कारण प्रथिन बिघडते, एलपीएस बिघडत नाही. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, एलपीएसला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन-बी घालूनही पाहा. शिवाय एलपीएसमुळे ट्रेम-२ ची पातळी खाली येते, म्हणजे दुहेरी फसवणूक.

पेशी उंदराच्या नवजात पिलांच्या घ्या. मिश्र ग्लिया कल्चर 10 ते 14 दिवस वाढवा, मग फ्लास्क हलवून वरच्या सैल पेशी गोळा करा. मानवी ट्रेम-२ साठीची अँटिबॉडी उंदराच्या रिसेप्टरला चिकटतेच असे नाही. हे प्रयोग आखण्याआधी तपासा. गरज पडल्यास मानवी जनुक घातलेले उंदीर किंवा आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींचे रूपांतर करून मिळवलेल्या मूळपेशींपासून) केलेले मायक्रोग्लिया वापरा.

एएल002 या ट्रेम-२ चेतवणाऱ्या अँटिबॉडीची रुग्णांवरची दुसऱ्या टप्प्यातली इन्व्होक-2 चाचणी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अपयशी ठरली. औषध रिसेप्टरपर्यंत पोहोचले होते, तरी आजाराचा वेग कमी झाला नाही. तेव्हा ‘सिक वाढला’ एवढ्यावर प्रकल्पाचे ध्येय ठरवू नका. प्लाकभोवती पेशी जमतात का, त्या किती अमायलॉइड गिळतात, हे सुरुवातीपासून मोजा.