बेन नेव्हिस हिवाळ्यात चढताना या चुका टाळा

कळसूबाईची उंची १६४६ मीटर आणि ब्रिटनमधील सर्वांत उंच बेन नेव्हिसची १३४५, एवढे वाचून स्कॉटलंडला गेलेले आपल्याकडचे ट्रेकर डिसेंबरातही हा डोंगर किरकोळ समजतात. प्रत्यक्षात चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याच्या फोर्ट विल्यम शहरात ४ अंश असताना माथ्यावर उणे ४-५ असू शकते, आणि वाऱ्याचा मारा वेगळाच. म्हणून शहराचा अंदाज पाहून निघू नये. माथ्यावरील वाऱ्याचा वेग सांगणारा डोंगरी अंदाज आणि स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचे लोहाबर (बेन नेव्हिस ज्यात येतो त्या) भागासाठीचे हिमस्खलनाचे पत्रक, दोन्ही वाचावीत.

दिवस जेमतेम सात तासांचा असतो, तेव्हा हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच. सुती कपडे घरी ठेवावेत. पावसाळी ट्रेकचे मऊ बूटही चालत नाहीत, कारण त्यांवर क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे बुटाखालचे पोलादी दाते, नीट बसत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उतरताना होते. माथा सपाट आहे. धुके आणि बर्फ एकत्र आले की जमीन व आकाश यांतील रेषाच पुसली जाते आणि आपल्याच पावलांचे ठसे वारा मिनिटाभरात बुजवतो. अशा वेळी माथ्यावरील सर्वेक्षणाच्या खांबापासून होकायंत्राने २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर आणि तेथून २८२ अंशांवर चालायचे असते. वळण लवकर घेतले तर उजवीकडे गार्डीलू गली (गली म्हणजे कड्यातील खोल, तीव्र उताराची घळ), आणि तिच्या भीतीने फार डावीकडे सरकले तर फाइव्ह फिंगर गली. हे अंश नकाशाच्या उत्तरेपासूनचे आहेत, त्यामुळे चुंबकीय दुरुस्ती, म्हणजे नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतील फरकाची, आधीच करून ठेवावी. १५० मीटरसाठी आपली किती पावले लागतात, हे खाली बर्फात चालून मोजलेले असावे. माथ्यावर अंदाज बांधणे म्हणजे पैज लावणेच.

काटा विचित्र वागू लागला, तर होकायंत्राला दोष देण्यापूर्वी छातीवरच्या खिशातील मोबाइल दूर करावा. नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे नेमका तोंडावर येतो. गॉगल नसेल तर मान आपोआप वळते आणि मानेमागे पाऊलही. नकाशा उघडण्यासाठी काढलेला हातमोजा दाताखाली धरला तरी उडून जातो, हे मी एकदा पाहिले आहे. तेव्हापासून मोज्यांना मनगटाची दोरी आणि पिशवीत एक जास्तीची जोडी असते.

वाट चुकलीच, तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. संपर्क होत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, असे चालू ठेवावे. उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी थांबू नये, कारण शोधणारे त्या आवाजाच्या रोखानेच येत असतात.